गावच्या दगडावर नुसता आकडा. पणजोबा नक्की कोणाच्या सैन्यात होते?

खाडीपलीकडचा

मंडळी, गणपतीला गावी गेलो होतो. गाव खेड तालुक्यात. देव्हारा घासायला काढला तेव्हा टाकांमध्ये एक चांदीची जाड चकती निघाली. आमची आजी हयात असेपर्यंत तिला खंडोबाचा टाक समजून रोज कुंकू लावायची, कारण तिच्यावर घोडेस्वार आहे. कोलगेट पावडर लावून घासली तर घोड्यावरचा बाबा उघडाबंब निघाला! घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी, बाजूला १९१४ आणि १९१८. दुसऱ्या अंगाला राजाचं डोकं. म्हणजे आमच्या घराने तीन पिढ्या पाचव्या जॉर्जला हळदकुंकू वाहिलं म्हणायचं.

कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत. त्यात नंबर आहे, 'सिपॉय' आहे, मग नाव आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री. नाव पणजोबांचं. घरात एवढंच माहीत होतं की ते 'बसऱ्याच्या लढाईला गेले ते आलेच नाहीत'. पणजीला सरकारातून काही पैसे यायचे, तेही थोडीच वर्षं.

देवळाच्या सहाणेजवळ, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्याजवळ, एक दगडी पाटी आहे. या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, त्यांतल्या अमुक जणांनी प्राण दिले, असं इंग्रजीत. दरवर्षी शिमग्याला सहाणेबरोबर तिलाही चुना फासतात, त्यामुळे अक्षरं बुजलीत. या खेपेला नखाने कोरून बघितलं तर आकड्यांच्या जागी दगडच झिजलेला. नावं तर त्यावर कधी नव्हतीच.

दोन प्रश्न. एक, त्यांचा काही माग लागेल का? दुसरा माझ्या मुलीने विचारला, मला उत्तर देता आलं नाही: "ते आपल्या आर्मीत होते की इंग्रजांच्या?"

---

निवृत्त_हवालदार

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीचाच. चोवीस वर्षं नोकरी करून आता चिपळूणजवळ काजू-आंब्यात रमलोय.

११० म्हणजे घाबरू नका, शंभर वजा करा. मुंबई इलाख्याची फौज वेगळी होती तेव्हा ती दहावी पलटण. १९०३ साली सरसेनापती किचनेरने सगळ्या फौजांचे नंबर एका माळेत ओवले आणि मुंबईवाल्यांच्या नंबरात शंभर मिळवले. तिसरीची १०३ झाली, पाचवीची १०५. १९२२ मध्ये परत जुळवाजुळव होऊन या पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या. तीच आजची मराठा लाइट इन्फंट्री, केंद्र बेळगावला. तिची पहिली पलटण १७६८ ची, तिला 'जंगी पलटण' म्हणतात. पाचवीची ती 'काळी पाचवी'. ही नावं आम्हाला रंगरूट असताना पाठ करायला लावत.

तुमच्या लेकीला सांगा, पलटण तीच आहे. झेंडा बदलला, राजा गेला, मेसमधल्या चांदीच्या भांड्यांवरचे मुकुट तेवढे राहिले. आमचा रेजिमेंटचा दिवस ४ फेब्रुवारी, १६७० साली त्या रात्री सिंहगड घेतला म्हणून. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ इथून पोलादपूरकडे. घोषणा 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. आता सांगा, ही फौज कोणाची?

---

तिरकस

हवालदार साहेब, घोषणा शिवाजी महाराजांची आणि पगार कंपनीचा. १८१८ साली याच मुंबई फौजेने पेशवाई बुडवली आणि कोकण घेतलं. कोकणातलेच लोक त्या फौजेत होते. पुढे अफगाणिस्तान, अबिसीनिया, चीन, मेसोपोटेमिया (आजचा इराक), जिथे साहेबाला गरज तिथे आपली माणसं. याला मराठीत भाडोत्री सैनिक म्हणतात. राग मानू नये.

---

खाडीपलीकडचा

@तिरकस राग नाही, पण दोन वर्षांचं पोर पाठी ठेवून तिकडे मेलेल्या माणसाला भाडोत्री म्हणताना जीभ अडखळते. भातशेती वर्षातून एक पीक देणार, तेही खोताचा हिस्सा जाऊन. मुंबईच्या गिरणीत जायचं की पलटणीत, एवढीच निवड. गिरणीत गेलेल्याला आपण इंग्रजांचा हस्तक म्हणत नाही.

---

इतिहासाच्या_बाई

दोघंही थोडे थांबा. आधी पणजोबांचं बघू.

११० वी मराठा मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला ही डिव्हिजन अडली, रक्तबंबाळ होऊन मागे फिरली आणि तैग्रिसच्या वळणावर कुत-अल-अमारा गावात शिरली. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा. जवळपास पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांतले कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर गेले.

त्या वेढ्यातली एक गोष्ट मी दरवर्षी दहावीच्या वर्गात सांगते, पुस्तकात नसली तरी. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोरे सैनिक खाऊ लागले. आपल्या शिपायांनी बरेच आठवडे हात लावला नाही. धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले गेले तरी नाही, कारण भीती देवाची नव्हती, गावाची होती. परत गेल्यावर भावकी पंक्तीला बसवील का? पोरीचं लग्न कोण करील? मग रेशन इतकं उतरलं की शेवटी बहुतेकांनी खाल्लं. तोवर स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या होत्या, आणि वेढ्याबाहेरून सोडवायला आलेली फौजही पोचत नव्हती.

तुमचे पणजोबा वेढ्यात होते, आधी पडले की कैदेत, हे पलटणीच्या नावावरून ठरत नाही. तारीख मिळाली तर कळेल.

---

मालवणी_खाजा

तुमचा नशीब बरा, मेडल घरात तरी रवला. आमच्याकडला आजयेन सोनाराक दिल्यान आणि आत्येच्या लग्नात त्येची पैंजणां केल्यान. आत्ये अजून सांगता, "माझ्या पायात आज्याची लढाई आसा!"

---

बाणकोटकर

हा धागा वाचतोय आणि 'आपली माणसं' हा शब्द जरा टोचतोय, म्हणून लिहितो.

आम्ही मंडणगडचे. दापोलीला अजून जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात, ते याच इंग्रजी छावणीमुळे. तिथे पेन्शनर शिपायांची वस्ती होती, त्यात आमचे महार शिपाई पुष्कळ. आंबडव्याच्या सकपाळांचं घर पलटणीतलं. रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म झाला तोही महूच्या छावणीत. गावच्या शाळेत आमच्या पोरांना उंबऱ्याबाहेर बसवायचे, त्या काळात पलटणीच्या शाळेत शिपायांच्या मुलांनी शिकायचं हा नियम होता, मुलींनीसुद्धा. पगार, पेन्शन हे सगळं खरं, पण अक्षर ओळखता येणं ही सैन्यातून आलेली आमची खरी कमाई.

आणि १८९२ च्या सुमारास दार बंद झालं. सरसेनापती रॉबर्ट्स साहेबाच्या डोक्यात 'लढाऊ जमाती'चं खूळ. पंजाबी, पठाण, गुरखे लढाऊ आणि महार अचानक लढाऊ नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षं लढल्यावर! महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले. त्यांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला की आम्हाला पुन्हा घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडली. परत दुसरं महायुद्ध लागलं आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती मात्र टिकली. आता तिच्यात सगळ्या जातींचे जवान आहेत. लष्करप्रमुख झालेले कृष्णराव आणि सुंदरजी याच रेजिमेंटचे.

तर तिरकस भाऊ, भाडोत्री कोण? ज्याला गरजेपुरतं बोलावून घेतलं आणि दोनदा हाकललं तो, का बोलावणारा?

अजून एक. भीमा-कोरेगावच्या खांबावर १८१८ च्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, त्यांतली बावीस 'नाक' शेवट असलेली, म्हणजे महार शिपायांची. म्हणजे कंपनी सरकारलासुद्धा शिपायाचं नाव कोरायला जागा सापडली होती. खाडीपलीकडच्यांच्या गावच्या दगडावर नुसता आकडा का?

---

निवृत्त_हवालदार

@बाणकोटकर तुमची गोष्ट खरी आहे, 'पलटण तीच' असं मी फार सोपं करून लिहिलं. माझा अनुभव नंतरचा. एका लंगरात जेवलो, बर्फात एका तंबूत झोपलो, कोणाची जात विचारावी असं सुचलंही नाही. पण रेजिमेंटांची नावं अजून जातींची आहेत, हे नाकारत नाही.

नावाचं म्हणाल तर व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याचं नाव कोणी विसरत नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीत तैबर नदीच्या खोऱ्यात. मशिनगनच्या माऱ्यात सेक्शनमधले सगळे पडले, एकटे उरले ते. धावत गेले, ग्रेनेड टाकला, एकाला टॉमीगनने उडवलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. लगेच शत्रूच्या निशाणेबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. माणगावात पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर जरूर उतरून बघा, वेळ भरपूर मिळतो.

---

कारवारची_सुंगटं

घाडगे आले तसे आमचे राणेही येऊ देत. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनियर. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे जायचे होते, वाटेत सुरुंग आणि आडवे पाडलेले पाइन. जखमी असून दिवसरात्र वाट मोकळी करत राहिले. परमवीरचक्र मिळालं आणि ते हयात असताना मिळालं. कोकणीत बोलणारा माणूस, १९४० ला इंग्रजांच्या फौजेत भरती झालेला, आणि आठ वर्षांनी स्वतंत्र देशाचं सर्वोच्च पदक. वर्दी बहुतेक तीच, बिल्ले बदलले. मुलीला उत्तर द्यायला राणे बरे पडतील.

आमच्या समोरच्या अंजदीव बेटावर डिसेंबर १९६१ मध्ये नौदलाचे सात जण गेले, गोवा घेताना. ते फारसं कोणी बोलत नाही.

---

तिरकस

गोव्याचं निघालं म्हणून. माझे वडील तेव्हा दोडामार्गला शाळेत होते. सांगायचे, दोन दिवस आधीपासून मास्तरांनी शाळा सोडून दिलेली, ट्रक मोजत बसायचे. शंभराच्या पुढे मोजता येईना म्हणून परत एकपासून. १८ ला सैन्य शिरलं आणि १९ ला संध्याकाळी पोर्तुगीज शरण आले, साडेचारशे वर्षांचा कारभार दोन दिवसांत. वडिलांना शेवटपर्यंत खंत की एकही तोफ ऐकू आली नाही.

हे सैन्य 'आपलं' होतं यात मला शंका नाही. माझा मुद्दा एवढाच की तेच सैन्य १९१९ ला जालियनवाला बागेत डायरच्या हुकमावर गोळ्या झाडत होतं. १९३० मध्ये पेशावरला चंद्रसिंह गढवाली आणि त्यांचे शिपाई नि:शस्त्र लोकांवर गोळी चालवायला नाही म्हणाले, त्यांना तुरुंग मिळाला. मला विचाराल तर आपल्या सैन्याचा इतिहास त्या 'नाही'पासून मोजावा. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौदलाच्या 'तलवार' तळावर खलाशांनी संप केला, त्यात कोकणातली पोरंही होती. त्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलात परत घेतलं नाही, हेही लक्षात ठेवा.

---

इतिहासाच्या_बाई

तिरकस, तुमच्या 'नाही'ला माझी एक पुरवणी. नाही म्हणणारे हवेत, आणि हुकूम कोणाचा हे ठरलेलंही हवं. १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले, तो सेना दिन. पण मला त्याहून बोलका वाटतो तो दिल्लीतला एक बंगला. इंग्रजी सरसेनापतीचं भव्य निवासस्थान होतं, ते पंतप्रधानांना दिलं गेलं. तेच तीन मूर्ती भवन. १९५५ मध्ये 'कमांडर-इन-चीफ' हे पदच काढून टाकलं, तिन्ही दलांना आपापला प्रमुख आणि वर राष्ट्रपती. आजूबाजूच्या देशांत सेनापती टीव्ही केंद्रात शिरत होते, त्या काळात आपल्याकडचे निवृत्त होऊन गोल्फ खेळत होते. यात घर बदलण्याचा वाटा थोडा तरी असावा, असं माझं आपलं मत.

आता खाडीपलीकडचे, तुमच्या आकड्याचं. बाणकोटकरांनी विचारलं ते अगदी मर्मावर आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, अगदी साध्या सोल्जरचीसुद्धा. भारतीय पलटणींखाली फक्त अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि शिपायांच्या जागी 'आणि इतर अमुक इतके भारतीय सैनिक'. म्हणजे तुमचे पणजोबा गावच्या सहाणेवर आकडा आहेत आणि बसऱ्यालाही आकडाच. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० च्या वर नावं आहेत, पण त्या महायुद्धात आपले ७०,००० हून जास्त मेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये ही चूक जाहीरपणे कबूल केली.

त्यांच्याच संकेतस्थळावर आता शोध घेता येतो. पलटण निवडा, स्मारक 'बसरा' निवडा. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, 'रत्नागिरी' असं दिलेलं असतं. आडनावाच्या स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका, शिंद्यांचे सिंदे आणि मोऱ्यांचे मोरी झालेले आहेत.

---

सोळाशेमीटर

मोठ्यांच्या चर्चेत बोलतोय, सांभाळून घ्या. मी गुहागरचा, अग्निवीर भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे पाचला आम्ही आठ-नऊ पोरं वाळूत पळतो. ओल्या वाळूत सोपं जातं, सुक्या वाळूत पिंढऱ्या भरतात, म्हणून मुद्दाम सुक्या वाळूत. मग कोल्हापूरला मैदानात सोळाशे हलकं वाटतं असं सगळे म्हणतात. मागच्या वर्षी मला नाही वाटलं :(

तुम्ही सगळे पेन्शनबद्दल लिहिताय. आमची चार वर्षं, मग चारातला एक राहणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही, एकरकमी पैसे. आई म्हणते, चार वर्षांनी पंचविशीच्या आत परत येशील, मग काय? मला उत्तर येत नाही. तरी जायचंय. २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मामा वरच्या मजल्यावर अडकला होता. बोटीतून लष्कराची माणसं आली, त्यातला एक जण मामाला मराठीतून म्हणाला, "काका, आधी मोबाईल नाही, पाय टाका." तेव्हापासून डोक्यात आहे.

---

निवृत्त_हवालदार

@सोळाशेमीटर बाळा, एकदा चुकलं म्हणून काय झालं. शेवटची चारशे मीटर जोर लावायचा म्हणून आधी झोपू नकोस, सुरुवातीलाच पुढच्या दहांत राहा, नंतर गर्दीतून वाट मिळत नाही. बीममध्ये, म्हणजे दांड्याला लटकून पुलअप्समध्ये, दहा पूर्ण काढ, मार्क तिथे आहेत.

पेन्शनचं मी काही बोलत नाही, नियम वरचे. फक्त एवढं सांगतो, माझ्या मनिऑर्डरीवर दोन बहिणींची लग्नं आणि घराचा चिरा झाला. आणि पेन्शनसाठीसुद्धा एका कचेरीत मी जिवंत असल्याचा दाखला घेऊन जिवंतपणी तीन वेळा उभा राहिलोय.

---

संपादक मंडळ

अग्निपथ योजनेवर वेगळा धागा आहे, तो वाद तिकडे न्यावा. इथले दोन प्रतिसाद उडवले आहेत. जातीवरून टोमणे मारणाऱ्या सदस्यांना ही शेवटची समज.

---

खाडीपलीकडचा

मंडळी, चार रात्री जागून शोधलं.

पणजोबांच्या नावाचे, ११० व्या पलटणीचे, रत्नागिरी जिल्ह्यातले तीन जण निघाले. तिघंही बसरा. गाव एकाच्याही नोंदीत आमचं धड नाही. एकात जे लिहिलंय ते ओढूनताणून आमचं म्हणता येईल, दुसऱ्यात नुसतं 'खेड'. पदकावरच्या नंबरातला मधला आकडा कुंकवाने इतका खाल्लाय की ३ की ८ कळत नाही, आणि घात असा की दोन नोंदींत फरक तेवढाच आहे. एकाची तारीख एप्रिलच्या आधीची, म्हणजे वेढ्यातली. दुसऱ्याची पुढच्या थंडीतली, म्हणजे बाई म्हणतात तसं कैदेतली.

तिघांच्या बापांची नावं वेगळी आहेत. म्हणजे पणजोबांच्या वडिलांचं नाव कळलं की सुटलं. तेच घरात कोणाला माहीत नाही. बाबांना विचारलं, ते म्हणाले, मला आज्याचं नाव तेवढं माहीत, त्याच्या पुढचं नाही.

मुलीला राण्यांची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, "पण आपले आजोबा तर त्याच्या आधीच मेले ना?" आता काय सांगणार.

---

बाणकोटकर

तुमच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध कधी नाशिक-त्र्यंबकला केलं होतं का? तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्याचं नाव, बापाचं, आज्याचं, गाव सगळं असतं. गाव सांगितलं की कोणत्या गुरुजींकडे आहे ते सांगतात. नसेल तर तहसीलला जुनं जन्ममृत्यू रजिस्टर मागा. आम्हाला त्र्यंबकच्या वह्यांचा उपयोग नाही, आमचं सगळं पलटणीच्या कागदांवरच सापडलं. तुमचं उलट होईल कदाचित.

---

खाडीपलीकडचा

आजोबा १९५० च्या आसपास नाशिकला गेले होते, हे आत्त्याला आठवतंय! पुढच्या शनिवारी जातो. पण वह्या मोडीत असतील तर? मला ओ की ठो येत नाही.

---

इतिहासाच्या_बाई

गुरुजी वाचून दाखवतात. तरी पानाचा फोटो काढू देत असतील तर काढा, मला थोडी मोडी येते. खिडकीशी उजेडात काढा, फ्लॅश नको, शाई चमकते. आणि निघण्याआधी त्या पदकाची कड मऊ पेन्सिलने पातळ कागदावर घासून घ्या. ३ आहे की ८ ते बोटापेक्षा कागदावर चांगलं उठेल.

---

मालवणी_खाजा

आणि आता तरी कुंकू लावू नको रे बाबा.